हायब्रिड गाडी आणि आपला उजवा पाय

या सदरात आपण घरखर्चाबद्दल बोलत असतो. या महिन्याचा विषय रस्त्यावरचा आहे, पण हिशेब घरचाच आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या ओळखीच्या दारांपुढे हायब्रिड गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणी आखातातून परत आल्यावर साठवलेल्या पैशांतून घेतली, कुणी दुकानाच्या धावपळीसाठी, कुणी आई-वडिलांना घेऊन गावी जाता यावं म्हणून. या घरांतून आमच्या कानावर येणारी तक्रार बहुतेक एकच असते. "कंपनी लिटरला २७ किलोमीटर सांगते, आमची गाडी १८ च्या पुढे जात नाही. मग लाखांनी जास्त मोजले ते कशासाठी?"

तक्रार रास्त आहे. पण बहुतेक वेळा गाडीत काहीही बिघडलेलं नसतं. आयुष्यभर साधी पेट्रोल किंवा डिझेल गाडी चालवलेला पाय त्याच सवयीने ही गाडीही चालवतो. हायब्रिड गाडीचं पेट्रोल वाचवण्याची रीत थोडी वेगळी आहे. ती अवघड नाही, पण तिच्यामागचं कारण समजलं तरच ती पायात उतरते. म्हणून आज कारणांसकट बोलू.

आधी आकडे मांडू

शिक्षकी पेशामुळे आम्हाला कुठलीही गोष्ट फळ्यावर मांडल्याशिवाय पटत नाही. समजा, घरची गाडी महिन्याला १,२०० किलोमीटर फिरते. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरू. साधी पेट्रोल गाडी लिटरला १५ देते असं मानलं, तर महिन्याला ८० लिटर लागतात. हायब्रिडने २२ चा ॲव्हरेज दिला तर साडेचौपन्न लिटर. म्हणजे महिन्याला साडेपंचवीस लिटर, वर्षाला जवळजवळ ३२ हजार रुपये वाचले. तीच हायब्रिड १८ च देत असेल, तर वर्षाची बचत साडेसोळा हजारांच्या आसपास राहते.

आता समजा, साध्या गाडीपेक्षा हायब्रिडला अडीच लाख जास्त मोजले आहेत. २२ च्या ॲव्हरेजने ते पैसे वसूल व्हायला आठ वर्षांच्या आतबाहेर लागतील. १८ च्या ॲव्हरेजने पंधरा वर्षं लागतील. गाडी तीच, रस्ता तोच, किंमतही तीच. आठ आणि पंधरा यांच्यातली ती सात वर्षं चालवणाऱ्याच्या हातात, खरं तर पायात आहेत. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. वहीत ते घालून हाच हिशेब करून पाहा.

कुठली गाडी हायब्रिड म्हणायची?

इथे एक घोळ होतो, तो आधी मिटवू. बाजारात 'हायब्रिड' या एकाच नावाखाली दोन प्रकार विकले जातात. मारुतीच्या अर्टिगासारख्या गाड्यांत 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेलं असतं. त्यात छोटी मोटर इंजिनला थोडा हात देते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते, पण नुसत्या विजेवर गाडी चालत नाही. याला माइल्ड हायब्रिड म्हणतात. त्यातली बचत मर्यादितच असते.

दुसरा प्रकार स्ट्राँग हायब्रिड. होंडा सिटीची हायब्रिड, मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस या २०२२ मध्ये आपल्याकडे आल्या. (ग्रँड विटारा आणि हायरायडर साध्या प्रकारातही मिळतात, तेव्हा आपली कुठली ते कागदावर पाहून घ्या.) या गाड्या हळू वेगात इंजिन पूर्ण बंद करून विजेवर चालतात. त्यांना घरी चार्जिंगला लावावं लागत नाही, लावण्याची सोयही नसते. ही कल्पना तशी जुनी आहे. टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियस आणली, ती मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली हायब्रिड मोटार. आजचा लेख स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे.

आणि तो २७ चा आकडा? ग्रँड विटारा आणि हायरायडरसाठी २७.९७ किलोमीटर जाहीर झाले, होंडा सिटीसाठी सुरुवातीला २६.५. हे आकडे खोटे नाहीत, पण ते रस्त्यावरचे नाहीत. अशी चाचणी गाडी रोलरवर चढवून बंद खोलीत घेतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, तिथे अशा चाचण्या होतात. ठरलेल्या वेगाने सुमारे वीस मिनिटं गाडी पळवायची, वेग ९० च्या वर न्यायचा नाही, आणि एसी बंद ठेवायचा, अशी ही पद्धत आजवर चालत आली. त्या खोलीत ना मुंब्र्याची रहदारी असते, ना मे महिन्याचं ऊन, ना मागच्या सीटवर तीन मुलं. म्हणून २७ हा शाळेतल्या पैकीच्या पैकी गुणांसारखा समजावा. २१-२२ मिळाले तर मुलगा हुशारच आहे.

वीज येते कुठून?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. या गाडीत बाहेरून येणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे पेट्रोल. बॅटरीत जी वीज साठते, तीही शेवटी पेट्रोलचीच. मग बचत कशी होते?

नववीच्या विज्ञानात 'कार्य आणि ऊर्जा' हा पाठ आहे. धावत्या वस्तूत गतिज ऊर्जा असते. साधी गाडी ब्रेक लावून थांबवली की ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन हवेत जाते. ज्या पेट्रोलने वेग दिला, ते पेट्रोल ब्रेकने फुंकून टाकलं. स्ट्राँग हायब्रिडमध्ये पाय उचलला किंवा ब्रेक हलका दाबला की चाकं मोटर फिरवू लागतात, मोटर उलट काम करून वीज तयार करते आणि ती बॅटरीत जाते. पुढच्या वेळी गाडी सुरुवातीला त्याच विजेवर निघते. जे वाया जाणार होतं, त्यातला काही हिस्सा परत मिळाला.

दुसरी बचत इंजिनची. सिग्नलला उभं असताना, रांगेत सरकताना इंजिन सर्वांत कमी काम करून पेट्रोल खातं. हायब्रिड अशा वेळी ते बंदच करते. इंजिन चालायचं तेव्हा कामाच्या भाराने चालावं आणि काम नसेल तेव्हा गप्प बसावं, हे तिचं सूत्र आहे. म्हणूनच ही गाडी शहरात जास्त वाचवते आणि मोकळ्या हायवेवर तुलनेने कमी. साध्या गाडीचं नेमकं उलट असतं.

एवढं लक्षात राहिलं तर पुढचं सगळं आपोआप सुचतं.

ब्रेक लांबून, हलका

समजा गाडी आणि चार माणसं मिळून १,६०० किलो वजन आहे आणि वेग ताशी ६० आहे. तिची गतिज ऊर्जा सुमारे २२२ किलोज्यूल होते. ही ऊर्जा जर तुम्ही तीन सेकंदांत करकचून ब्रेक लावून संपवलीत, तर मोटर आणि बॅटरीला एवढ्या घाईत ती सगळी घेता येत नाही. उरलेलं काम साध्या ब्रेकना करावं लागतं आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते. तीच गाडी दहा सेकंद घेऊन हळूहळू थांबवली तर बराच मोठा भाग बॅटरीत जातो. अरुंद तोंडाच्या बाटलीवर बादली उपडी केली तर पाणी सांडतं, धार बारीक ठेवली तर बाटली भरते. तसंच हे.

वेग वाढतो तशी ऊर्जा त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते हेही मुलांना विचारा, ती सांगतील. ४० चा वेग ६० झाला की वेग दीडपट, पण ऊर्जा सव्वादोनपट. म्हणून पुढचा सिग्नल लाल दिसत असताना ६० ने जाऊन शेवटी थांबण्यात दुहेरी तोटा आहे.

बऱ्याच हायब्रिड गाड्यांत वेगाच्या काट्याशेजारी आणखी एक काटा किंवा पट्टी असते. त्यावर चार्ज, इको आणि पॉवर असे भाग असतात. ब्रेक लावताना काटा चार्जच्या भागात राहील पण पार टोकाला जाऊन आपटणार नाही, एवढाच ब्रेक दाबायचा. आठवडाभर हा सराव केला की पायाला अंदाज येतो, मग काट्याकडे बघावं लागत नाही. बघत बसूही नये, नजर रस्त्यावरच हवी. आणि अचानक कुणी आडवं आलं, तर बचतीचा विचार न करता पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायचा. हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

चाचांची एक सवय चुकीची, एक सोन्यासारखी

आमच्या नात्यातल्या एका चाचांनी तीस-पस्तीस वर्षं ट्रक चालवला. पुतण्याने हायब्रिड घेतल्यावर गावच्या रस्त्यावर चाचा चालवायला बसले आणि उतार लागताच त्यांचा हात गिअरकडे गेला.

"चाचा, न्यूट्रल करू नका."

"अरे बेटा, उतार आहे. फुकट पेट्रोल कशाला जाळायचं?"

"जळतच नाही चाचा, इंजिन बंद आहे. न्यूट्रल केलं तर बॅटरी भरायची थांबेल."

चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ही गाडी उतारावर कमावते?"

याहून नेमक्या शब्दांत आम्हालाही सांगता आलं नसतं. न्यूट्रलमध्ये उतार उतरणं कुठल्याही गाडीत धोक्याचंच आहे, पण हायब्रिडमध्ये ते नुकसानीचंही आहे. टोयोटाच्या पद्धतीच्या गाड्यांत तर न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होतच नाही. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये बराच वेळ 'एन' लावून उभं राहणंही टाळावं. ब्रेकवर पाय ठेवून 'डी' मध्येच राहावं, फार वेळ लागणार असेल तर 'पी'.

पण चाचांची दुसरी सवय मात्र शिकण्यासारखी आहे. ते कधी पुढच्या गाडीच्या बंपरकडे बघून चालवत नाहीत. त्यांची नजर चार गाड्या पुढे असते. कुठे एसटी थांबतेय, कुठे वळण आहे, कुठे बैलगाडी निघालीय, हे त्यांना आधी कळतं आणि त्यांचा पाय लांबूनच उचलला जातो. "ब्रेक मारला की मालकाचे पैसे जातात," असं ते आमच्या लहानपणी म्हणायचे. हायब्रिड गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरला हेच म्हणायचं आहे. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं, तर वेग कमी करायला जागा मिळते, आणि पुष्कळदा पूर्ण थांबावंच लागत नाही. परत मिळवलेल्या ऊर्जेपेक्षा न गमावलेली ऊर्जा केव्हाही जास्त, कारण बॅटरीत टाकताना आणि काढताना प्रत्येक वेळी थोडी गळती होतेच.

'ईव्ही'च्या हिरव्या दिव्याचा मोह

आता तरुण मुलांच्या सवयीकडे येऊ. गाडी विजेवर चालत असली की समोर 'ईव्ही' असा हिरवा दिवा लागतो. मग तो दिवा विझू द्यायचा नाही असा खेळ सुरू होतो. सिग्नलवरून गाडी मुंगीच्या पावलाने निघते, मागचे हॉर्न वाजवतात, आणि चालवणाऱ्याला वाटतं आपण पेट्रोल वाचवतोय.

हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या हायब्रिडमधली बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची आहे, ०.७६ किलोवॅट-तास. घरातला दीड टनाचा एसी जोरात चालला तर अर्ध्या-पाऊण तासात एवढी वीज संपेल. शिवाय ही बॅटरी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली कधीच ठेवली जात नाही, मधलाच भाग वापरात येतो. ती ओढून ओढून रिकामी केली की इंजिन सुरू होऊन गाडी ओढण्याबरोबर बॅटरी भरण्याचंही काम करतं. पेट्रोलपासून जनित्र, जनित्रापासून बॅटरी, बॅटरीपासून मोटर, मोटरपासून चाक. पैसे इतक्या हातांतून फिरले की प्रत्येक हात थोडी दलाली कापून घेतोच. ज्या वेळी इंजिनने थेट चाक फिरवणं स्वस्त असतं, त्या वेळी त्याला फिरवू द्यावं.

मग चालवायचं कसं? सिग्नलवरून निघताना पहिली काही मीटर गाडी विजेवर सहज निघू द्या. नंतर संकोच न करता, काटा इकोच्या भागात ठेवून, रस्त्याच्या वेगापर्यंत जा. इंजिन सुरू झालं तर होऊ द्या. ४५-५० चा वेग आला की पाय क्षणभर पूर्ण उचला. इंजिन बंद होईल. मग पाय अगदी हलका टेकवा, जेवढ्याने वेग टिकेल तेवढाच. सपाट रस्त्यावर गाडी बराच पल्ला अशी शांतपणे कापते. वेग थोडा उतरला की पुन्हा तसंच. 'चढवा, उचला, टेकवा' एवढे तीन शब्द पुरे. मात्र मागे गाड्यांची रांग असेल तर हा प्रयोग करू नये. दोन थेंब वाचवण्यासाठी मागच्या दहा जणांचा जीव टांगणीला लावणं बरं नव्हे.

पॉवर मोड रोजच्या वापरात लागत नाही. इको मोडमध्ये पेडल मऊ होतं आणि एसीचा जोर थोडा कमी होतो, शहरात तो ठेवायला हरकत नाही.

घाट चढताना, उतरताना

देशावरून कोकणात उतरणाऱ्या घरांसाठी हा भाग. कुंभार्ली असो, आंबा असो की वरंध, घाट उतरताना स्थितिज ऊर्जा मिळते. १,६०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली तर तिने सुमारे २.२ युनिट ऊर्जा सोडली. काही रस्ता आणि हवा खातात, तरीही उरते ती आपल्या पाऊण युनिटच्या बॅटरीत मावणारी नाही. म्हणून घाट अर्धा उतरेपर्यंत बॅटरी भरते आणि मग एकाएकी इंजिनचा मोठा आवाज येऊ लागतो. उतारावर, पाय उचललेला असताना! बरेच जण इथे घाबरतात आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठतात.

घाबरू नका. बॅटरीत जागा उरली नाही म्हणून गाडी इंजिन नुसतं फिरवून वेगाला आवर घालत असते. त्यात पेट्रोल जळत नाही. ब्रेक तापू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या हायब्रिडमध्ये गिअरवर 'बी' अशी जागा असते ती याचसाठी. लांब, तीव्र उतार लागला की 'बी' लावा, सपाटीला आलात की परत 'डी'. रोजच्या शहरातल्या चालवण्यात 'बी' ठेवू नका. तिथे ब्रेकने मिळणारी वीज तेवढी कमी होते. होंडाच्या गाडीत 'बी'चं काम वेगळं आहे, तिथे ते वीज परत घेण्याचा जोर वाढवतं. म्हणून आपल्या गाडीचं माहितीपुस्तक एकदा वाचाच. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात कोऱ्या नोटेसारखं पडून असतं.

चढताना उलटं. घाटाच्या पायथ्याशी बॅटरी मदत करते, पण ती लवकर संपते, मग सगळा भार इंजिनवर येतो. गाडीला गिअर बदलायचे नसल्याने आवाज एकाच उंच सुरात येत राहतो. त्यात बिघाड नाही. पाय एका जागी स्थिर ठेवा, वेग थोडा उतरला तर उतरू द्या, वळणाआधी जोर आणि वळणात ब्रेक असं करू नका.

हायवेवर हवेशी भांडण

मोकळ्या हायवेवर ब्रेक फारसा लागत नाही, म्हणजे परत मिळण्यासारखं काही नाही. तिथे खर्च होतो तो हवा कापण्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर हवा सुमारे ५६ टक्के जास्त जोराने मागे ढकलते. पनवेलहून चिपळूणला निघालेल्या माणसाने १०० ऐवजी ८०-८५ चा स्थिर वेग ठेवला, तर पोहोचायला थोडाच उशीर होतो, कारण त्या रस्त्यावर वेळ जातो तो गावांत आणि कामं चालू असलेल्या टप्प्यांवर. पेट्रोलमधला फरक मात्र टाकीवर दिसतो. सपाट, मोकळा रस्ता असेल तर क्रूझ कंट्रोल लावावा, घाटात लावू नये.

ईदला गावी जाताना टपावर कॅरिअर बांधून सामान लादतात. तेही हवेलाच आमंत्रण आहे. सामान आत बसत असेल तर आतच घ्या, आणि काम झालं की रिकामं कॅरिअर काढून ठेवा. एक काळजी मात्र घ्या. काही हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा जाण्यासाठी जाळी असते. आंब्याची पेटी, तांदळाची गोणी, चादरींचं गाठोडं तिच्यापुढे ठेवू नका. बॅटरी तापली की तिच्याकडून काम कमी घेतलं जातं, आणि ॲव्हरेज पडतो.

लहान गोष्टी, ज्यांची बेरीज मोठी

थंड इंजिन खर्चिक असतं. बॅटरी भरलेली असली तरी सकाळी पहिली काही मिनिटं इंजिन स्वतः गरम व्हायला आणि धुराची नळी स्वच्छ करणारं यंत्र तापवायला चालतं. म्हणून दूध, भाजी, मुलांचा क्लास अशा एक-एक किलोमीटरच्या चार वेगळ्या फेऱ्यांत हायब्रिडचाही ॲव्हरेज साध्या गाडीसारखाच येतो. कामं एका फेरीत बसवा. जवळचं असेल तर पायी जा. आणि उभ्या गाडीत इंजिन 'गरम करत' बसण्याची गरज नाही. गाडी तयार असल्याचा दिवा लागला की सावकाश निघा.

एसीबद्दल. उन्हात तापलेल्या गाडीत बसताच १८ वर एसी लावला तर बॅटरी लवकर उतरते आणि उभ्या गाडीतही इंजिन सुरू होतं. आधी दारं-खिडक्या उघडून तापलेली हवा जाऊ द्या, दोन मिनिटं गाडी चालवा, मग काचा लावून २४-२५ वर ठेवा. शाळेबाहेर मुलांची वाट बघत अर्धा तास एसी लावून बसणाऱ्यांनी जरा सावली शोधावी.

टायरमधली हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पंपावरचा मुलगा अंदाजाने भरतो, त्यापेक्षा तो कागद बघा. कमी हवा म्हणजे चिखलातून चालणं.

पेट्रोलबद्दलही एक शब्द. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून जुन्या आकड्यांपेक्षा ॲव्हरेज थोडा कमी येणारच. तेवढा दोष ना गाडीला द्या, ना घरच्या ड्रायव्हरला.

मोजल्याशिवाय भांडू नका

समोरच्या पडद्यावर दिसणारा ॲव्हरेज अंदाज म्हणून ठीक आहे. खरा हिशेब टाकीचा. पेट्रोल नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, किलोमीटरचा आकडा शून्य करा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा. जितके किलोमीटर झाले त्यांना जितकं पेट्रोल बसलं त्याने भागा. ४६२ किलोमीटर झाले आणि २१ लिटर बसले, तर २२. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, तीन टाक्यांची सरासरी घ्या. पावसाळा, उन्हाळा, शहर, गाव, यांप्रमाणे आकडा हलतो.

घरात गाडी एक आणि चालवणारे तिघे असतील तर एक छोटी वही डॅशबोर्डमध्ये ठेवा. तारीख, किलोमीटर, लिटर, आणि ती टाकी जास्त करून कोणी चालवली. एका ओळखीच्या घरी असं केल्यावर सासरे, मुलगा आणि सून यांत सुनेचा आकडा सातत्याने वरचा निघाला. मुलाने आधी मानलं नाही. तिसऱ्या महिन्यात तो तिच्या शेजारी बसून बघू लागला की ही ब्रेकला पाय कधी लावते. गाडी चालवण्यावरून घरात होणारी भांडणं वहीने मिटतात, आवाजाने मिटत नाहीत.

किफायत आणि कंजूशी

शेवटी एक सांगतो. हे सगळं वाचून कुणी भर दुपारी म्हाताऱ्या आईला एसीशिवाय बसवेल, हायवेवर ४० ने जाऊन मागच्या ट्रकना खोळंबवेल, दर किलोमीटरला पडद्याकडे बघून घरच्यांना टोमणे मारेल, तर ते आमच्या लेखाचं अपयश समजू. किफायत वेगळी, कंजूशी वेगळी. किफायतीत जे फुकट जात होतं ते थांबतं, कंजूशीत ज्यांच्यासाठी गाडी घेतली त्यांनाच त्रास होतो. लांबून पाय उचलणारा, अंतर ठेवून चालणारा, वेगाचा हट्ट न धरणारा माणूस पेट्रोल वाचवतो, आणि त्याच सवयींनी मागे बसलेली मुलंही सुरक्षित घरी आणतो. अशा गाडीत आजीचा चहा कपातून सांडत नाही, हीसुद्धा एक परीक्षाच आहे.

येते तीन टाक्या या रीतीने चालवून पाहा आणि आकडे आम्हाला कळवा. आधी किती होता, आता किती झाला, दोन्ही लिहा. वाढला नसेल तरी लिहा, म्हणजे कारण शोधता येईल. पुढच्या महिन्यात इन्शाअल्लाह गाडीच्या विम्याचं नूतनीकरण करताना कागदावर काय बघायचं, ते बोलू.